पाण्यावरची रेघ : जहाजांचे माग आणि सागरतळाचे नकाशे



जे क्षणात पुसले जाते त्याला आपल्या भाषेत ‘पाण्यावरची रेघ’ म्हणतात. जमिनीवरून चालणाऱ्याच्या मागे पायवाट उरते, गाडीच्या मागे चाकोरी उरते. जहाजाच्या मागे मात्र फेसाचा एक पट्टा काही काळ दिसतो आणि मग समुद्र पूर्ववत होतो. म्हणूनच दर्यावर्दी माणसाला आपला माग स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून ठेवावा लागतो. ज्याने तो उतरवला नाही, त्याचा प्रवास घडूनही न घडल्यासारखाच राहिला. कागदावर उतरलेल्या या मागांतून सागरतळाचा नकाशा कसा उभा राहिला, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

सागरतळाच्या नकाशांचा इतिहास सांगताना बहुधा खोली मोजण्याच्या साधनांचा इतिहास सांगितला जातो. आधी दोरी, मग तार, मग ध्वनी, शेवटी उपग्रह, असा तो क्रम असतो. तो खरा आहे, परंतु अपुरा आहे. खोलीचा आकडा हे अर्धेच ज्ञान होय. तो आकडा कोठे घेतला, केव्हा घेतला आणि कोणत्या रीतीने घेतला, हे उरलेले अर्धे. या दुसऱ्या अर्ध्याची नोंद ज्यांनी निष्ठेने ठेवली, त्यांच्यामुळे नकाशा विश्वसनीय झाला. जेथे ती राहिली, तेथे नकाशाने माणसांना फसविले आणि प्रसंगी त्यांचे प्राणही घेतले.

वाव आणि शिसे

खोली मोजण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे दोरी आणि तिच्या टोकाला बांधलेले शिसे. दोन्ही हात पसरले असता होणारी लांबी म्हणजे एक वाव. हे माप आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर परिचयाचे आहे. इंग्रज नाविकांचे सहा फुटांचे फॅदम हेही त्याच देहमापातून आलेले आहे. शिशाच्या बुडाला खळगा ठेवून त्यात चरबी भरीत, म्हणजे तळाची वाळू, चिखल किंवा शंखांचा चुरा तिला चिकटून वर येई. खोली आणि तळाची जात या दोन गोष्टींवरून जाणता तांडेल धुक्यातही आपण कोठे आहोत हे ताडीत असे. परंतु हे ज्ञान त्याच्या स्मरणात असे आणि बहुधा त्याच्याबरोबरच संपे.

हे ज्ञान लेखी स्वरूपात आणण्याचा आपल्या किनाऱ्यावरील एक लक्षणीय प्रयत्न सोळाव्या शतकात झाला. दों जुआंव द कास्त्रू हा पोर्तुगीज सरदार १५३८ साली लिस्बनहून गोव्यास आला. वाटेत त्याने होकायंत्राच्या सुईचा कल ठिकठिकाणी मोजून ठेवला होता. १५३८-३९ मध्ये आरमाराबरोबर तो गोव्याहून दीवला गेला आणि त्या प्रवासाचे ‘रोतैरू’, म्हणजे मार्गवर्णन, त्याने लिहिले. त्यात बंदरांची अक्षांशस्थाने, नदीमुखांवरील उथळ पट्टे, नांगर टाकण्याच्या जागा आणि बंदरांची चित्रे आहेत. १५४१ मध्ये तांबड्या समुद्राच्या स्वारीतही त्याने हाच क्रम ठेवला. पुढे तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा सर्वाधिकारी झाला आणि १५४८ मध्ये गोव्यातच मरण पावला. त्याचे काम सत्तेच्या सेवेतले होते, युद्धाच्या गरजेतून झालेले होते, हे विसरता येत नाही. तरीही आपण जेथून गेलो तेथील प्रत्येक निरीक्षण स्थळासह नोंदवावे, ही त्याची शिस्त शास्त्रज्ञाची होती.

तीच गोष्ट इंग्रजांच्या ‘बॉम्बे मरीन’ची. त्या दलातील जॉन मॅक्लूअर याने १७८७ पासून पुढील काही वर्षे हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याची पाहणी केली. रॉबर्ट मोर्सबी याने १८२९ ते १८३४ या काळात तांबड्या समुद्राचे आणि त्यानंतर मालदीव बेटांचे सर्वेक्षण केले. व्यापार व आरमार यांसाठी किनाऱ्याजवळची खोली जाणणे निकडीचे होते. किनारा सुटला की मात्र ही निकड संपे आणि नकाशावर पांढरा कागद सुरू होई.

जुन्या रोजनिशांचे मोल

हा पांढरा कागद भरावयास जी कल्पना कारणीभूत झाली, ती एका कचेरीत सुचली. मॅथ्यू फाँटेन मॉरी हा अमेरिकन आरमारातील अधिकारी १८३९ मधील घोडागाडीच्या अपघाताने पायाने अधू झाला. १८४२ मध्ये त्याच्याकडे नकाशे आणि उपकरणे यांच्या कोठाराचा कारभार सोपविण्यात आला. तेथे जहाजांच्या जुन्या रोजनिशा साठून राहिल्या होत्या. प्रवास संपला की रोजनिशीचे काम संपले, असाच समज होता. मॉरीने त्या उघडल्या आणि प्रत्येक जहाजाचा मार्ग, त्या त्या दिवशीचा वारा व प्रवाह एका मोठ्या नकाशावर उतरविण्यास आरंभ केला. १८४७ पासून त्याचे वारे व प्रवाह यांचे नकाशे प्रसिद्ध होऊ लागले. एका जहाजाचा माग म्हणजे एक हकीकत, पण शेकडो जहाजांचे माग एकत्र आले की त्यांतून समुद्राचा स्वभाव दिसतो, हे त्याने दाखवून दिले. सर्व राष्ट्रांच्या जहाजांनी एकाच पद्धतीने रोजनिशी लिहावी, म्हणून १८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे जी परिषद भरली, तीही त्याच्याच प्रयत्नांचे फळ होते.

याच मॉरीने १८५४ मध्ये उत्तर अटलांटिकच्या तळाचा नकाशा प्रसिद्ध केला. खोल समुद्रातील सुमारे दोनशे मोजमापांवर तो आधारलेला होता. महासागराच्या मध्यभागी तळ उंचावलेला आहे, एवढी सूचना त्यातून मिळाली. दोनशे ठिपक्यांवरून महासागराचा तळ रेखाटणे हे धाडसच होते. परंतु समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकण्याची स्वप्ने तेव्हा पडू लागली होती आणि केबल टाकणाऱ्यास तळाची खबर हवी होती. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन अशी केबल टाकली, तेव्हा आपल्या अरबी समुद्राच्या तळाशीही या नव्या युगाचा धागा जाऊन पोहोचला.

पुढे १८७२ च्या डिसेंबरात ब्रिटिश जहाज ‘चॅलेंजर’ निघाले आणि १८७६ च्या मे महिन्यात परतले. साडेतीन वर्षांत त्याने ६८,८९० सागरी मैलांचा प्रवास केला आणि खोल समुद्राची ४९२ मोजमापे घेतली. सरळ भागाकार केला तर सुमारे १४० सागरी मैलांमागे एक आकडा पडतो. जहाज थांबवून, वजन बांधलेली दोरी हजारो वाव सोडून ती पुन्हा वर ओढण्यात तासचे तास जात. त्यामुळे याहून अधिक होणे शक्य नव्हते. २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम प्रशांत महासागरात त्यांना ४,४७५ फॅदम, म्हणजे आठ किलोमीटरांहून अधिक खोली लागली. हिंदी महासागरात मात्र चॅलेंजर दक्षिणेकडूनच, केर्गेलेन बेटांच्या बाजूने गेले. आपला अरबी समुद्र त्याच्या वाटेवर आला नाही आणि म्हणून त्याच्या नकाशातही आला नाही. जेथे माग नाही तेथे ज्ञान नाही, हा नियम येथे स्पष्ट दिसतो.

एक आकडा आणि पाच गोवे

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या विखुरलेल्या आकड्यांना एकत्र आणण्याचा विचार बळावला. १८९९ मध्ये बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय भूगोल परिषदेने महासागरांचा एकच सर्वसाधारण नकाशा सिद्ध करण्याचे ठरविले. १९०३ मध्ये मोनाकोचे प्रिन्स अल्बर्ट पहिले यांनी त्याचा भार उचलला आणि १९०५ मध्ये २४ पत्रांचा तो नकाशा प्रसिद्ध झाला. ‘गेब्को’ या नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम आजही चालू आहे. पहिल्या आवृत्तीत सुमारे १८,४०० मोजमापे होती. जगातील महासागरांचे क्षेत्र सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सरासरीने पाच गोव्यांएवढ्या प्रदेशासाठी खोलीचा एक आकडा! त्यातही बहुतेक आकडे जहाजांच्या वहिवाटीच्या मार्गांवर दाटलेले. आपल्या सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतच्या प्रदेशात एकाच जागी उंची मोजून साऱ्या गोव्याचा नकाशा काढावा, याहून ती अवस्था फारशी वेगळी नव्हती.

ठिपक्याची रेघ झाली

परिस्थिती पालटली ती ध्वनीमुळे. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर पाण्यातून आवाज पाठवून अडथळा ओळखण्याच्या प्रयोगांना वेग आला. १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन याने हिमनगावरून आणि तळावरून उमटणारा प्रतिध्वनी टिपला. तत्त्व सोपे आहे. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. जहाजावरून सोडलेला ध्वनी तळावर आपटून चार सेकंदांनी परत आला, तर तो एकंदर ६,००० मीटर फिरला. म्हणून खोली ३,००० मीटर. जहाज थांबविण्याची गरज उरली नाही. १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटेओर’ या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर वारंवार जाऊन ६७,००० हून अधिक मोजमापे घेतली. चॅलेंजरच्या साडेतीन वर्षांतील ४९२ आकड्यांशी याची तुलना करून पाहावी. ठिपके इतके जवळ आले की त्यांची रेघ झाली आणि जहाजाचा मार्ग हाच तळाचा छेद होऊन बसला.

परंतु येथेच नोंद ठेवणाऱ्याची जबाबदारी शतपट वाढली. यंत्र कागदाच्या गुंडाळीवर तळाची वेडीवाकडी रेषा काढीत जाई. त्या कागदावर खोली असे, ठिकाण नसे. ठिकाण दुसऱ्याच वहीत असे. पहाटे व संध्याकाळी ताऱ्यांचे, दिवसा सूर्याचे कोन मोजून जहाजाचे स्थान काढीत आणि मधल्या काळासाठी वेग व दिशा यांवरून हिशेब मांडीत. आभाळ भरले असेल तर दोन-दोन दिवस हा हिशेबच काय तो आधार. या दोन नोंदींना सांधणारा दुवा एकच, तो म्हणजे घड्याळ. तासाला दहा सागरी मैल जाणाऱ्या जहाजावर गुंडाळीवरील वेळेची खूण पाच मिनिटे चुकली, तर समुद्रतळावरचा डोंगर जवळजवळ दीड किलोमीटर सरकतो. रात्रीच्या पाळीत झोपेशी झगडत ठराविक मिनिटांनी वेळेची खूण करणाऱ्या त्या अनाम माणसांनी सागरतळाच्या विज्ञानाचा पाया घातला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आणखी एक बारकावा सांगतो. ध्वनीचा वेग सर्वत्र सारखा नसतो. तो तापमान, क्षारता आणि दाब यांप्रमाणे बदलतो. काही जहाजांची यंत्रे सेकंदाला १,५०० मीटर धरीत, तर काही ८०० फॅदम, म्हणजे सुमारे १,४६३ मीटर. चार हजार मीटर खोलीवर केवळ या गृहीताने शंभर मीटरांचा फरक पडतो. म्हणून कोणता वेग धरला होता हे नोंदीत नसेल, तर उत्तम यंत्राने घेतलेला आकडाही संशयास्पद ठरतो.

अरबी समुद्राखालील दरी

या नव्या साधनाने आपल्या समुद्राचा पडदा प्रथमच दूर सारला. १९२८ ते १९३० या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘डाना’ या डॅनिश जहाजाच्या मोजमापांतून अरबी समुद्राखाली एक लांबलचक पर्वतरांग आहे असे दिसून आले. मोहिमेस साहाय्य करणाऱ्या प्रतिष्ठानावरून तिला कार्ल्सबर्ग हे नाव मिळाले. पाठोपाठ १९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ हे इजिप्तचे जहाज अरबी समुद्रात आले. या ‘जॉन मरे मोहिमे’चे नेते सेमूर स्यूएल हे पूर्वी भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक होते. माबाहिसच्या मागांवरून काढलेल्या छेदांत त्या पर्वतरांगेच्या माथ्यावर एक खोल घळ दिसली. वाइझमन आणि स्यूएल यांनी १९३७ मध्ये तिची तुलना पूर्व आफ्रिकेतील प्रचंड खचदरीशी केली. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी ज्या सिद्धान्ताने भूविज्ञानात क्रांती केली, त्याची एक किल्ली अशा रीतीने आपल्या अरबी समुद्रातच सापडली होती. परंतु हाती असलेले माग थोडे होते. थोड्या रेघांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढण्यास जग तयार नव्हते.

तो निष्कर्ष काढण्याचे धैर्य दाखविले एका स्त्रीने. मेरी थार्प या अमेरिकेतील लॅमाँट वेधशाळेत काम करीत होत्या. स्त्रियांना तेव्हा संशोधन जहाजांवर घेत नसत. सहकारी ब्रूस हीझेन जहाजांवरून नोंदी आणीत आणि थार्प त्या टेबलावर बसून कागदावर उतरवीत. १९५२ च्या सुमारास त्यांनी उत्तर अटलांटिकला छेदणारे सहा माग एकाखाली एक मांडले. प्रत्येकात मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर त्याच जागी एक खाच होती. थार्प म्हणाल्या, ही सलग दरी आहे, येथे पृथ्वीचे कवच दुभंगत आहे. हीझेन यांनी प्रथम ते हसण्यावारी नेले. पण शेजारच्याच टेबलावर केबलींच्या सुरक्षिततेसाठी भूकंपांची केंद्रे नकाशावर मांडली जात होती. ती केंद्रे नेमकी त्याच दरीत पडू लागली, तेव्हा संशयाला जागा उरली नाही. जहाजांचे माग आणि भूकंपांचे ठिपके या दोन स्वतंत्र नोंदींनी एकमेकींची साक्ष दिली होती.

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उत्तर अटलांटिकच्या नकाशात खोलीच्या समरेषा नव्हत्या. आकाशातून पाहावे तसे डोंगर-दऱ्यांचे चित्र होते. याचे कारण कलात्मक नव्हते. शीतयुद्धामुळे अमेरिकन आरमाराने तपशीलवार खोल्या गोपनीय ठरविल्या होत्या. ज्ञान मिळाले तरी ते सांगता येईना, म्हणून त्यांनी ते चितारले.

हिंदी महासागराची पाळी १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत आली. अनेक देशांची चाळीसहून अधिक जहाजे या मोहिमेत सहभागी झाली. भारतीय आरमाराचे ‘किस्तना’ त्यांत होते. त्या मागांवर आधारून हीझेन व थार्प यांचा हिंदी महासागराचा नकाशा निघाला. १९६७ च्या ऑक्टोबरात त्याच तळाचे, ऑस्ट्रियन चित्रकार हाइनरिख बेरान यांनी रंगविलेले चित्र ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने घरोघरी पोहोचविले. मॉस्कोहून १९७५ मध्ये उडिंत्सेव्ह यांच्या संपादनाखाली या महासागराचा भूवैज्ञानिक नकाशासंग्रहही प्रसिद्ध झाला.

दोनापावलाची जहाजे

या मोहिमेचे भारताला लाभलेले चिरस्थायी फळ म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. १ जानेवारी १९६६ रोजी ती स्थापन झाली. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक होते आणि पुढे दोनापावला हे तिचे मुख्य ठिकाण झाले. १९७६ पासून ‘गवेषणी’ हे भारताचे पहिले समुद्रसंशोधन जहाज कामास लागले, १९८३ मध्ये ‘सागरकन्या’ आले. १९८१ च्या जानेवारीत गवेषणीने हिंदी महासागराच्या तळावरून बहुधातू गोटे वर काढले. बटाट्याएवढ्या त्या काळ्या गोट्यांत मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट असते.

गोटे हाती येणे हा आरंभ होता. ते कोठे दाट आहेत आणि कोठे विरळ, हे ठरविण्यासाठी मध्य हिंदी महासागराच्या पाच किलोमीटर खोल तळावर जहाजांनी वर्षानुवर्षे आखीव फेऱ्या घातल्या. त्या नोंदींच्या बळावर १९८७ च्या ऑगस्टमध्ये भारताला दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र राखून मिळाले. पुढे नियमाप्रमाणे त्यातील निम्मे क्षेत्र परत करावयाचे होते. कोणते अर्धे ठेवावे आणि कोणते सोडावे, हा निर्णय सर्वेक्षणाच्या रेघांवरच अवलंबून होता. २००२ च्या करारानुसार ७५,००० चौरस किलोमीटर भारताकडे राहिले.

सागरी सीमांचीही तीच कथा. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडेही भूखंडमंचावर हक्क सांगता येतो. त्यासाठी मंचाचा उताराचा पायथा, तळावरील गाळाची जाडी, २,५०० मीटर खोलीची रेषा यांचे पुरावे द्यावे लागतात. भारताने २००९ च्या मे महिन्यात आपला दावा सादर केला. येथे खोलीचा आकडा देशाची हद्द ठरवितो. मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्राच्या तळाशी आज रामन आणि पणिक्कर यांच्या नावांचे सागरी डोंगर नकाशात आहेत. नाव देण्याचा अधिकारही शेवटी माग नोंदविणाऱ्यालाच मिळतो.

नकाशाचा प्रामाणिकपणा

दोन जहाजांचे माग जेथे एकमेकांना छेदतात, तेथे दोघांनी मोजलेली खोली सारखीच यावयास हवी. ती येत नाही. हा फरक म्हणजे नोंदींची परीक्षा होय. साध्या तळावर फरक मोठा निघाला तर बहुधा ध्वनीच्या वेगाचे गृहीत किंवा यंत्र चुकलेले असते. डोंगराळ तळावर निघाला तर बहुधा ठिकाण चुकलेले असते. १९६० च्या दशकात उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आली आणि १९९५ मध्ये जीपीएस पूर्णत्वास गेले, तेव्हा हे फरक झपाट्याने घटले. पण जुन्या मागांची दुरुस्ती करता आली ती त्यांच्या मूळ नोंदी जपल्या होत्या म्हणूनच. या नोंदींची देवघेव व्हावी यासाठी १९७७ मध्ये एक समान सांकेतिक नमुना ठरविण्यात आला. त्यात वेळ, अक्षांश, रेखांश, ध्वनीच्या जाण्यायेण्याचा काळ आणि खोली यांना ठराविक रकाने होते. ध्वनीचा काळ वेगळा नोंदविण्यात मोठे शहाणपण होते. उद्या वेगाची गणना सुधारली, तर खोली पुन्हा काढता येते.

‘गेब्को’च्या पाचव्या आवृत्तीने १९७५ नंतर आणखी एक स्तुत्य प्रथा पाडली. खोलीच्या समरेषांबरोबर ज्या जहाजांच्या मागांवरून त्या काढल्या, ते मागही बारीक रेघांनी नकाशावर छापले. वाचकाला दिसे की, येथे दहा रेघा आहेत, येथील डोंगर भरवशाचा. तेथे एकही रेघ नाही, तेथील समरेषा हा संपादकाचा तर्क. ज्ञान कोठे संपते आणि अनुमान कोठे सुरू होते, हे त्या नकाशाने उघड सांगितले. आपल्याकडील चांगल्या चरित्रकारांनी व इतिहाससंशोधकांनी बखर आणि अस्सल कागद यांत जो विवेक केला, तोच हा विवेक.

त्यानंतर उपग्रह आले. पाण्याखालील डोंगराच्या गुरुत्वाकर्षणाने त्यावरचे पाणी किंचित ओढले जाते आणि समुद्राच्या पृष्ठभागावर मीटर-दोन मीटरांचा अगदी पसरट उंचवटा येतो. उपग्रहांनी हे उंचवटे मोजले. १९९७ मध्ये वॉल्टर स्मिथ व डेव्हिड सँडवेल यांनी त्यांची जहाजांच्या मोजमापांशी सांगड घालून सर्व महासागरांचा नकाशा प्रसिद्ध केला. हे मोठेच यश होते. पण या रीतीने दहा-पंधरा किलोमीटरांहून लहान आकार नीट दिसत नाहीत. शिवाय रंगीत नकाशात मोजलेला आणि अनुमानिलेला प्रदेश सारखाच गुळगुळीत दिसतो. जहाजांच्या रेघा रंगाखाली झाकल्या जातात आणि पाहणाऱ्यास वाटते, सर्व काही कळले आहे.

या समजाची किंमत दोन घटनांनी दाखवून दिली. ८ जानेवारी २००५ रोजी अमेरिकेची ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अणुपाणबुडी ग्वाम बेटाच्या दक्षिणेस पूर्ण वेगात एका सागरी डोंगरावर आदळली. एक खलाशी मृत्युमुखी पडला, अनेक जखमी झाले. समोर असलेल्या नकाशात तो डोंगर नव्हता. जहाजावरील दुसऱ्या नकाशांत मात्र जवळपास धोका असल्याची खूण होती. दुसरी घटना ८ मार्च २०१४ ची. मलेशियाचे एमएच-३७० हे विमान २३९ जणांसह नाहीसे झाले. त्यांत पाच भारतीय होते. दक्षिण हिंदी महासागरात शोध घ्यावयाचा, तर तळाचा भरवशाचा नकाशाच नव्हता. शोधयंत्रे तळाजवळून ओढून न्यायची म्हणजे आधी तळाची उंचसखलता माहीत हवी. म्हणून प्रथम महिनोन्महिने नकाशाच काढावा लागला. १,२०,००० चौरस किलोमीटर तळ धुंडाळून २०१७ च्या जानेवारीत शोध थांबविण्यात आला. विमान सापडले नाही. आप्तांच्या दुःखावर फुंकर घालण्याचे सामर्थ्य कोणत्याही नकाशात नाही, पण त्या शोधात गोळा झालेल्या नोंदी त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने सर्वांसाठी खुल्या केल्या, ही गोष्ट नमूद करावीशी वाटते. त्या काळोख्या तळावरचे डोंगर व दऱ्या आज जगाला त्या मागांमुळे माहीत आहेत.

पुढील काम

आजची जहाजे एका रेघेऐवजी एक पट्टाच मोजतात. एकाच वेळी अनेक ध्वनिशलाका सोडून पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट रुंद प्रदेश टिपता येतो. २०१७ मध्ये ‘गेब्को’ आणि जपानचे निप्पॉन प्रतिष्ठान यांनी २०३० पर्यंत संपूर्ण सागरतळाचा नकाशा पूर्ण करण्याचा संकल्प केला, तेव्हा प्रत्यक्ष मोजलेला भाग सुमारे ६ टक्के होता. २०२५ च्या जूनमध्ये तो २७.३ टक्क्यांवर पोहोचला. उरलेला जवळजवळ तीनचतुर्थांश तळ अजून अनुमानाच्या रंगात आहे. समाधानाची गोष्ट अशी की, ‘गेब्को’ आपल्या संगणकीय नकाशाबरोबर आणखी एक जोडनकाशा देते. प्रत्येक चौकटीतील आकडा मोजलेला आहे की अनुमानिलेला, हे त्यात सांगितलेले असते. मागांच्या त्या बारीक रेघा नव्या रूपात परत आल्या आहेत.

या कामाला संशोधन जहाजे पुरणार नाहीत. म्हणून मालवाहू बोटी, मच्छीमार नौका आणि शिडाच्या होड्या यांनीही आपल्या वाटेवरील खोली, वेळ आणि ठिकाण यांची नोंद द्यावी, असा प्रयत्न आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटना करीत आहे. किनारी राष्ट्रांच्या संमतीने तो जेथे रुजेल, तेथे तांडेलाच्या स्मरणातले ज्ञान पुन्हा एकदा नकाशाला येऊन मिळेल.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण दोनापावलाच्या संस्थेत जातील, काही जण गोव्यातीलच राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्थेत आरमारी शिक्षण घेतील. बहुसंख्य दुसऱ्याच क्षेत्रांत असतील. परंतु पावसाची मोजणी असो, गावच्या विहिरीची पातळी असो किंवा देवळातील शिलालेखाची नक्कल असो, नोंदीचे चार प्रश्न तेच राहतात : काय पाहिले, कोठे पाहिले, केव्हा पाहिले, कोणत्या साधनाने पाहिले. यांतील एकाचेही उत्तर गाळू नका. जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे रंगवू नका. त्या जागी कागद पांढरा ठेवा. तुमच्यानंतर येणाऱ्याला तो पांढरा भाग सांगेल की, आपल्याला कोठे जायचे आहे.

शाळेत वहीवर दिनांक घालावयास शिकविणारे शिक्षक या साऱ्या शास्त्राचा पहिला धडा देत असतात. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या हातून हा धडा घेतलेल्या पिढ्या या सभागृहात बसल्या आहेत.